बालकवी ठोमरे आणि माझ्या दोन ओळी



मी थोर निसर्गकवी बालकवी यांचे चरित्र लिहिणार आहे. पण आधी एक खरी गोष्ट सांगते. ती निम्म्या गावाला माहीत आहे आणि बाकीच्यांना चुकीची माहीत आहे.

मराठी भाषा गौरव दिनाला तालुक्याच्या वाचनालयात शाळेतल्या मुलांची कविता स्पर्धा होती. कविता स्वतःची पाहिजे, आठ ओळींची पाहिजे आणि कागद न बघता म्हणायची, असा नियम होता. मी पावसावर केली. सहा ओळी माझ्या मनाने झाल्या, पुढे काही सुचेना. आई भांडी घासताना एक गाणे गुणगुणते, त्यातल्या दोन ओळी मी घालून दिल्या. मला वाटले गाणे आईचेच आहे, म्हणजे आपल्या घरातलेच. मी कुठेही न अडखळता कविता म्हटली. टाळ्यापण पडल्या. नंतर परीक्षक बाईंनी मला जवळ बोलावून शेवटच्या दोन ओळी कोणाच्या, असे विचारले. मी आईच्या म्हणून सांगितले. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्यापण नाहीत. त्या ओळी बालकवींच्या आहेत, एवढेच म्हणाल्या. माझा नंबर आला नाही. बाबांनी सकाळीच पारावर सगळ्यांना सांगून ठेवले होते, म्हणून मी एस.टी.तून उतरल्यावर मागच्या गल्लीने घरी गेले. आईला ते गाणे शाळेत पाठ होते, पण कवीचे नाव ती विसरली होती.

ग्रंथपालकाकांनी मला बालकवींचे पुस्तक पंधरा दिवसांसाठी दिले. ते वाचून आणि गुरुजींना विचारून पुढचे लिहिले आहे.

बालकवींचे पूर्ण नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी आपल्याच जिल्ह्यात धरणगाव येथे झाला. त्यांचे वडील पोलीस खात्यात होते. वडिलांची सारखी बदली व्हायची, मग त्र्यंबकची शाळापण बदलायची. त्यामुळे त्यांचे शिक्षण धड झाले नाही. नव्या शाळेत पहिल्या दिवशी कोणी जवळ बसत नाही. दुसरीत मी मामाच्या गावच्या शाळेत होते, म्हणून मला ते माहीत आहे. त्र्यंबकला झाडे, ओढे, पाखरे, फुले फार आवडत. तेराव्या वर्षीच ते कविता करू लागले.

सन १९०७ मध्ये जळगावला कवींचे मोठे संमेलन भरले. मोठमोठे कवी आले होते. तिथे सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. सगळी सभा थक्क झाली. संमेलनाचे अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर होते. त्यांनी त्या मुलाला बालकवी ही पदवी दिली. डॉक्टरांचा झाडांचापण मोठा अभ्यास होता. मला वाटते, म्हणून त्यांना झाडापाखरांवर लिहिणारा मुलगा जास्त आवडला असेल. पुढे ते मोठे झाले तरी लोक त्यांना बालकवीच म्हणत.

त्या संमेलनात रेव्हरंड टिळकपण होते. तेसुद्धा कवी होते. त्यांनी बालकवींना अहमदनगरला आपल्या घरी नेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी बालकवींना घरच्यासारखे सांभाळले. लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे या आपल्या पुस्तकात ठोमरे यांच्या आठवणी लिहिल्या आहेत. गुरुजी म्हणाले, त्या पाचवीत गेल्यावर वाच.

बालकवींच्या सगळ्याच कविता आनंदाच्या नाहीत. पुढेपुढे त्या उदास होत गेल्या. काही मला समजल्या नाहीत. एका कवितेत रात्रीचे खेडे आहे. ती मी संध्याकाळी वाचली आणि पुस्तक मिटून आईजवळ जाऊन बसले.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते फक्त २७ वर्षांचे होते. जळगावच्या त्या संमेलनाला अकराच वर्षे झाली होती. त्यांच्या काही कविता अपुऱ्याच राहिल्या.

भादलीवरून आम्ही नेहमी जातो. मामाच्या गावाला जाताना आमची पॅसेंजर तिथे थांबते. आजपर्यंत मी तिथे कधी बाहेर बघितलेपण नव्हते. मागच्या रविवारी मी खिडकीशी बसले आणि आईला सांगितले, की ते गाणे ज्यांचे आहे ते इथे गेले. आई रुळांकडे बघत राहिली. गाडी सुटल्यावर तिने हळू आवाजात ते पूर्ण गाणे म्हटले. आमच्या समोरच्या बाकावरच्या आजींनापण ते येत होते!

पुस्तक मी चौदाव्या दिवशी परत केले. पावसाच्या कवितेच्या त्या दोन ओळी खोडून मी नव्या दोन केल्या आहेत. आधीच्या जास्त चांगल्या होत्या. नव्या माझ्या आहेत. गुरुजींनी ती कविता याच कागदाच्या उजव्या बाजूला चिकटवली आहे.

इयत्ता चौथी