नांगराआधी विश्वास पेरणारे लक्ष्मणराव

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना आपल्याला काही रंगांतील भेद ओळखू येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. कुंचला खाली ठेवून त्यांनी यांत्रिक रेखाटन आत्मसात केले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत तोच विषय शिकवला. तेथे बढती नाकारली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सुरू केलेल्या सायकलींच्या दुकानातूनच पुढे कारखाना उभा राहिला.

आरंभी कडबा कापण्याचे यंत्र झाले. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. लाकडी नांगर जमिनीत केवळ तास पाडत असे. लोखंडी नांगराच्या वक्र पत्र्यामुळे खालची माती उलटून वर येई आणि तणांची मुळे उन्हात पडून सुकत. गुण उघड होता, तरी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. ज्याचे वर्षभराचे अन्न एका नांगरटीवर अवलंबून, त्याची भीती तर्काने नव्हे, शेजाऱ्याच्या शेतातील पीक पाहूनच ओसरते, हे लक्ष्मणरावांना त्या दोन वर्षांनी शिकवले.

जम बसू लागला तोच शहरविस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग व सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

भारतात कृषी अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण अलाहाबाद येथे सुरू झाले ते १९४२ मध्ये. तोवर बेळगावच्या त्या नांगराला जवळजवळ ४० वर्षे लोटली होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. आज या विषयाचे विद्यार्थी फाळाचा कोन आणि ओढीचे बळ गणिताने काढतात. मात्र नव्या अवजाराकडे साशंकतेने पाहणारा शेतकरी आजही बांधावर उभा असतो. त्याची समजूत घालण्याचा धडा लक्ष्मणरावांच्या चरित्रातच सापडतो.