नामदार गोखले

तुम्ही रोज दप्तर घेऊन शाळेत येता. शाळेत शिकणे हा तुमचा हक्क आहे, असे आपल्या देशाचा कायदा सांगतो. पण शंभर वर्षांपूर्वी असा कायदा नव्हता. तो व्हावा म्हणून एक माणूस इंग्रज सरकारच्या कायदेमंडळात उभा राहिला. त्या दिवशी तो हरला. तरीही आपण त्याची आठवण का ठेवतो, ते या पाठात वाचा.

त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. मोठे भाऊ गोविंदराव यांनी शाळा सोडली आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. दिव्याचे तेल वाचावे म्हणून गोपाळ रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करी. शिक्षण किती मोलाचे असते, हे त्यांना लहानपणीच असे कळले.

१८८४ साली ते बी. ए. झाले. त्यांनी ठरवले असते तर त्यांना मोठ्या पगाराची नोकरी मिळाली असती. पण ते पुण्यात शिक्षक झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. सरकारी अहवाल कसे वाचावेत, आकडे कसे तपासावेत, हे ते रानड्यांकडून शिकले.

१८९७ साली त्यांच्या हातून एक चूक झाली. ते कामासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. गोरे शिपाई घरांची झडती घेताना लोकांवर जुलूम करतात, अशी पत्रे त्यांना पुण्याहून आली. गोखल्यांनी ती हकिकत तेथील वर्तमानपत्राला सांगितली. सरकारने पुरावा मागितला, तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी कोणाचेही नाव सांगितले नाही. सारा दोष स्वतःवर घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांची निंदा केली. त्यांना ती फार लागली. पण ते खचले नाहीत. पुराव्याशिवाय बोलायचे नाही, हा धडा त्यांनी जन्मभर पाळला.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. पुढे ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात निवडून गेले. अशा सभासदाला त्या काळी ‘नामदार’ म्हणत. हे कायदेमंडळ आजच्या लोकसभेसारखे नव्हते. तेथे सरकारी अधिकारीच जास्त होते. सरकारच्या अंदाजपत्रकावर सभासदांना बोलता येई, पण मत देता येत नसे. अशा ठिकाणी जिंकणे कठीण, हे गोखल्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी अभ्यास हेच आपले हत्यार केले.

मुलांनो, त्यांचा दिनक्रम डोळ्यांसमोर आणा. हिवाळ्यात कायदेमंडळाची बैठक कलकत्त्याला भरे. पुण्याहून रेल्वेने लांबचा प्रवास करून ते तेथे जात. तेथे सैन्याचा खर्च, शेतसारा, मिठावरील कर यांचे जाडजूड अहवाल ते वाचीत. सरकारच्याच आकड्यांनी ते सरकारची चूक दाखवीत. दुष्काळाने गांजलेल्या लोकांकडून जास्त कर घेऊन खजिन्यात शिल्लक दाखवणे हा अन्याय आहे, असे त्यांनी १९०२ साली ठणकावून सांगितले. मिठावर तेव्हा दर मणाला अडीच रुपये कर होता. गोखले दरवर्षी त्याविरुद्ध बोलत राहिले. १९०७ सालापर्यंत तो एक रुपयावर आला. गरिबाच्या भाकरीबरोबरचे मीठ तेवढे स्वस्त झाले.

पुण्याला परतले की शहराची कामे त्यांची वाट पाहत असत. पुणे नगरपालिकेचे ते अध्यक्षही होते. व्हाइसरॉयपुढे कोट्यवधी रुपयांचा हिशेब मांडणारा हा माणूस गावचे पाणी, गटारे आणि रस्ते यांचाही तितक्याच बारकाईने विचार करी. देशाचे काम मोठे आणि गल्लीचे काम लहान, असा भेद त्यांनी केला नाही. देशसेवेला वाहून घेणारे कार्यकर्ते तयार व्हावेत म्हणून त्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज ही संस्था स्थापन केली.

त्यांचे सर्वांत आवडते काम मात्र शिक्षणाचे होते. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. तेथे जे जमले ते साऱ्या देशात का जमू नये, असा प्रश्न गोखल्यांना पडला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी कायद्याचा मसुदा मांडला. सहा ते दहा वर्षांच्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे आणि गरीब पालकांकडून फी घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. प्रथम मुलांना व नंतर मुलींना तो कायदा लागू व्हावा, अशी योजना होती. पंडित मदनमोहन मालवीय, मझहरूल हक आणि बॅरिस्टर जिना यांनी गोखल्यांना साथ दिली. सरकारने मात्र खर्चाचे कारण पुढे केले. काही जमीनदार सभासदही विरोधात गेले. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली. बाजूने १३, विरुद्ध ३८. मसुदा नामंजूर झाला.

आपण हरणार, हे गोखल्यांना आधीच दिसत होते. तरी त्यांनी काम अर्धवट टाकले नाही. मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि तेथील हिंदी लोकांची दुःखे त्यांनी पाहिली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत.

गोखल्यांनी लावलेले रोप मात्र वाळले नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. स्वतंत्र भारतात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला.

उद्या वर्गात हजेरी घेतली जाईल, तेव्हा ती तेरा मते आठवा. तुमच्या शेजारचे एखादे मूल अजून शाळेत येत नसेल, तर त्याला हाताला धरून घेऊन या. नामदार गोखल्यांचे राहिलेले काम तुम्हीही करू शकता.

स्वाध्याय
१. गोविंदरावांनी शाळा का सोडली?
२. १८९७ सालच्या चुकीतून गोखले कोणता धडा शिकले?
३. मिठावरील कर कमी झाल्याने कोणाचा फायदा झाला?
४. हरणार हे ठाऊक असूनही गोखल्यांनी मसुदा का मांडला असेल? तुमच्या शब्दांत लिहा.