समजून घ्या : बाबासाहेबांचे परदेशी शिक्षण कोणाच्या पैशातून झाले?

रायगडमधल्या आगरदांडा जेट्टीवरून फेरीने दिघीला उतरायचे, पुढे बागमांडल्याहून वेशवीची दुसरी फेरी पकडायची, की मंडणगड तालुका लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. या कुटुंबातला मुलगा न्यूयॉर्क आणि लंडनला शिकला, तेव्हा बँकेचे शैक्षणिक कर्ज नावाची सोय नव्हती. मग पैसे कुठून आले?

1913 चा करार काय होता?

फेब्रुवारी 1913 मध्ये वडील रामजी यांचे निधन झाले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी बी.ए.साठी आधीच मदत केली होती. आता कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. अट एकच : परत आल्यावर 10 वर्षे संस्थानची नोकरी. म्हणजे आजच्या भाषेत ही 'बाँड'वाली शिष्यवृत्ती होती.

करार का मोडला?

कोलंबियातून 1915 मध्ये एम.ए. करून ते 1916 मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. अट पाळण्यासाठी ते बडोद्याला रुजूही झाले. पण अस्पृश्य म्हणून शहरात कोणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही जमावाने हुसकावले. कचेरीतले शिपाईसुद्धा फायली लांबून टाकत. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. करार मोडला तो जातीमुळे.

उरलेल्या शिक्षणाचा खर्च कसा भागला?

तीन वाटांनी. नोव्हेंबर 1918 पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून बचत केली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत दिली. पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. खाण्यापिण्यात काटकसर करून 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. बॅरिस्टरही झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ याच काळातला.

बडोद्याने पैसे परत मागितले का?

हो. 10 वर्षांची अट पूर्ण न झाल्याने संस्थानने शिक्षणाच्या खर्चाची परतफेड मागितली. तेव्हा त्यांची वकिली नुकतीच सुरू झाली होती आणि अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार यायला कचरत होते.

पुढे त्यांनी काय केले?

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी निधीचा आग्रह धरला. 1944 मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती परत करायची नव्हती.

आजच्या विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

मदत कोणत्या प्रकारची आहे, ते सहीआधी तपासा. शिष्यवृत्ती सहसा फेडावी लागत नाही. बाँड असेल तर नोकरीची वर्षे आणि ती सोडल्यास भरायची रक्कम वाचा. बँकेच्या कर्जात शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत राहते. हप्ता कधी सुरू होणार आणि जामीनदार कोण, हे घरच्यांनाही ठाऊक हवे.