वरसईचे इतिहासाचार्य

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही आपल्या परिसराचा नकाशा करावयास घेतला. जगभरचे हौशी लोक २००४ सालापासून मिळून जो ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा करीत आले आहेत, त्यात आपल्या गावांची भर घालावयाची असे ठरले. उन्हातान्हात हिंडण्यापेक्षा जनगणनेची गावांची यादी आहे तशी त्यात ओतावी, हे सर्वांना सोपे वाटले, मलाही वाटले. यादी रोमन लिपीत होती. ती देवनागरीत उतरवताना पेण तालुक्यातील वरसईचे वर्साई झाले. धरमतर खाडीकाठच्या आमच्या वाडीचे तर नावच सापडेना, कारण जनगणना महसुली गाव मोजते. वाड्यापाडे त्याच्या पोटात जातात.

इतिहासाच्या सरांनी वर्साई वाचले, हसले आणि मला राजवाडे वाचावयास सांगितले. वरसई हे इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे जन्मगाव, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्यांचा जन्म १८६३ चा. वडील लहानपणीच वारले. पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकून १८९० साली ते बी. ए. झाले, काही काळ शिक्षकी केली. पत्नी ऐन तारुण्यात वारल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

मराठ्यांचा इतिहास म्हणून त्या काळी ग्रँट डफच्या १८२६ सालच्या ग्रंथाचा आधार घेतला जाई. डफ साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता. त्याने मराठी कागद मुळीच पाहिले नाहीत असे नाही, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच्याकडे जे आले नाहीत ते कागद वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधून पडले होते. कोणी ते वाण्याला रद्दीत घालीत, कोणी दारात आलेल्याला दाखवीत नसत. राजवाडे गावोगाव हिंडले, हाताने स्वयंपाक करून राहिले आणि मोडीतले ते कागद त्यांनी स्वतः वाचले. वाईस मिळालेल्या पत्रांतून १७५० ते १७६१ या काळाचा, म्हणजे पानिपतापर्यंतचा, पहिला खंड १८९८ साली निघाला. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या नावाने असे बावीस खंड झाले. लेखन मराठीतच करावयाचे हा त्यांचा बाणा होता.

१९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच पुढाकाराने. स्वभाव मात्र तापट. मतभेद होऊन ते तेथून दूर झाले. १९२४ साली त्यांनी उत्तर कोकणची महिकावतीची बखर छापली. गावांच्या नावांवरून तेथे कोण केव्हा वसले हे शोधणे हा त्यांचा आवडता विषय होता. (त्यांच्या काही व्युत्पत्ती फारच ओढूनताणून आणलेल्या वाटतात, हे मी भीत भीत लिहिते.) ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास ते वारले. त्यांचे दप्तर तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जपले आहे.

एक गोष्ट मात्र मला सलते. बीडकडे मिळालेल्या जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. पण ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही, आणि तिच्या जुनेपणाविषयी शंका उरली ती उरलीच. स्वतः जाऊन आणलेली वस्तूही दुसऱ्याला पाहता आली नाही तर त्याने मानावे कसे?

हे वाचल्यावर आम्ही यादी बाजूला ठेवली, फेकली नाही. अमेरिकेत २००७-०८ साली जनगणना खात्याचे रस्ते याच नकाशात एकदम ओतले होते, आणि त्यातील चुका निस्तरण्यात स्वयंसेवकांची कित्येक वर्षे गेली. आम्ही यादी हातात घेऊन बांधाबांधाने फिरलो. जेथे भातशेती धरली होती तेथे बांध फुटून खारे पाणी शिरलेले, तिवरांचे रान माजलेले. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, किती जणांकडून ऐकले हे वहीत टिपले. वही ग्रंथालयात ठेवली आहे.

वर्साई खोडून वरसई केले. आमच्या वाडीचे नाव मात्र अजून घातलेले नाही. आम्ही तिला एका नावाने ओळखतो, खाडीपलीकडचे लोक दुसऱ्या. आणि माझी आजी म्हणते की दोन्ही नव्हेत.