आचार्य धर्मानंद कोसंबी : घर सोडले, चीवर घेतले, पुन्हा घरी आले



वर्षावासातील ग्रंथवाचनात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण आले की एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो बायकाच काढतात. यशोधरेचं काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये यशोधरेची संमती दाखवली आहे, हे आपण वाचून दाखवतो. तेवढ्याने सगळ्यांचं समाधान होतं असं नाही. श्रामणेर शिबिराला दहा दिवस जायचं म्हटलं तरी ज्या घरात भाजीपाल्याचा हिशेब करावा लागतो, तिथे हा प्रश्न पोथीतला नसतो. म्हणून मी आपल्या काळाच्या जवळच्या एका माणसाची हकीकत लिहायला घेतली आहे.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साष्टी भागात साखवाळ या गावी झाला. जात सारस्वत ब्राह्मण. शाळा थोडीच झाली. नारळीच्या बागेला पाणी घालायचं, माडांची राखण करायची, असे दिवस गेले. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतच, बाळाबाईंशी लग्न झाले. पुढे ‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचे छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि हा माणूस कायमचा बदलला. बुद्धाचा धम्म मुळातून शिकायचाच, हे एकच वेड डोक्यात बसले. पण वडील होते, बायको होती, बाग होती. वर्षं तळमळीत गेली. १८९८ साली वडील वारले. १८९९ साली मुलगी झाली, माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंद घर सोडून पुण्याला निघाले.

इथे मी थांबतो. वडील गेलेले, बायको तरुण, मूल अंगावर पिणारे. हे बरोबर होतं का? मला विचाराल तर, ज्ञानाची भूक खरी होती, पण तिची किंमत बाळाबाईंनी माहेरच्या आधारावर मोजली. हे दोन्ही खरे आहे, एकाने दुसरे पुसत नाही.

पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले, संस्कृत शिकले, अन्नछत्रात जेवले. ही छत्रे ब्राह्मणांसाठी होती, म्हणून त्यांना दोन घास मिळाले. आपला माणूस त्याच ओढीने तिथे गेला असता तर उपाशीच परतला असता, हेही लक्षात ठेवावे. काशीहून १९०२ साली नेपाळ. तिथे बुद्धधम्माची जी अवस्था पाहिली, तिने घोर निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि तिथून जहाजाने सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महाथेरांच्या हाताखाली १९०२ साली त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालि शिकायला बसले. तिथलं जेवण मानवेना, तब्येत खालावली, तरी अभ्यास सोडला नाही. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानाचाही अभ्यास केला.

चरित्र इथेच संपले असते तर ते नेहमीसारखे झाले असते. पण धर्मानंदांनी १९०६ च्या सुमारास कलकत्त्यात चीवर उतरवले. तिथे पालि शिकवण्याचे काम पत्करले आणि बाळाबाईंना बोलावून घेतले. काही लोक याला पडणे समजतात. ते चूक आहे. भिक्षूला शिक्षा परत करून गृहस्थ होता येते, संघाच्या नियमातच ती सोय आहे, त्यात पाप नाही. आपल्याकडे शिबिरातून आलेल्या पोराला काही लोक परत आला म्हणून हसतात, त्यांनी हे वाचावे. १९०७ साली मुलगा झाला, दामोदर, तेच पुढचे नामवंत गणिती आणि इतिहाससंशोधक डी. डी. कोसंबी.

संसारात आल्यावर पैशाच्या मागे लागले म्हणावे, तर तेही नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून पुस्तके लिहिण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची जास्त पगाराची जागा सोडून ते इकडे आले. १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवले. अमेरिकेत हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी चार वेळा गेले. १९१८ साली जाताना माणिक आणि दामोदरला शिक्षणासाठी बरोबर नेले. धाकट्या मुलींना घेऊन बाळाबाई मागे राहिल्या. म्हणजे घर सोडणे पुरते संपले नव्हतेच.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. आणि १९३७ साली त्यांनी मुंबईत परळला बहुजन विहार उभा केला, पैसा बिर्लांचा. काशी नाही, बुद्धगया नाही, परळ! गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या, दलित आणि कष्टकरी वस्तीत विहार हवा, हे त्यांना १९५६ च्या एकोणीस वर्षे आधी सुचले. साच्यावर उभे राहून आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ रातोरात निघाला ही कथा बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलीय यांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, हातात शस्त्र घ्यायचा आलेला कंटाळा, आणि आईवडील रडत असताना उघडपणे घेतलेला निरोप, असे त्यांनी पालि ग्रंथांच्या आधारे मांडले. रोहिणीच्या पाण्याचा हाच वाद पुढे बाबासाहेबांच्या ग्रंथात आला. स्वतः घर सोडून बसलेल्या माणसाने चोरून निघालेल्या सिद्धार्थाची कथा नाकारावी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

शेवटी शरीर थकल्यावर त्यांनी अन्न सोडले आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. मध्यम मार्ग शिकवणाऱ्याचा हा निर्णय मला पटलेला नाही. हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ छापून आला १९५० साली.

त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र विहाराच्या कपाटात आहे. पाने सुटली आहेत, जपून हाताळावे. यशोधरेचा प्रश्न विचारणाऱ्या भगिनींनी ते आधी न्यावे.

नमो बुद्धाय! जयभीम!