बर्था बेंझ : टोपीच्या पिनेने कार चालू करणारी बाई



बाबांची जुनी स्कूटर किक मारून मारून चालू झाली नाही, की गॅरेजवाला आधी दोनच गोष्टी बघतो. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल येतंय का? आणि प्लगला स्पार्क मिळतोय का? हीच तपासणी १८८८ मध्ये जर्मनीत एका बाईने भर रस्त्यात केली होती. तेव्हा तर कारचं गॅरेज नावाची गोष्टच जगात नव्हती! चला, आज बर्था बेंझची ओळख करून घेऊया.

हुंड्याचे पैसे कारखान्यात

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, गाव फोर्ट्झहाइम. लग्न ठरलं इंजिनिअर कार्ल बेंझशी. पण कार्लचा भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि कारखाना बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने लग्नाआधीच स्वतःच्या हुंड्याचे पैसे मागून घेतले आणि भागीदाराचा हिस्सा विकत घ्यायला दिले. लग्न त्यानंतर, १८७२ मध्ये झालं.

२९ जानेवारी १८८६ ला कार्लने तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडी तयार झाली, पण गिऱ्हाईक काही येईना. घोडा नसलेल्या गाडीवर विश्वास कोण ठेवणार? बर्थाचे पैसे आणि नवऱ्याची सगळी मेहनत या एका गाडीत अडकली होती.

कुणालाही न सांगता १०० किलोमीटर

ऑगस्ट १८८८. कार्ल झोपेत असताना बर्था पहाटेच निघाली, सोबत मुलं ऑयगेन (वय १५) आणि रिचर्ड (वय १३). मॅनहाइमहून माहेरी फोर्ट्झहाइमला जायचं होतं, अंतर सुमारे १०० किलोमीटर. इतक्या लांब तोवर कुणीच कार नेली नव्हती.

इंधन म्हणजे लिग्रॉइन, डाग काढायला वापरायचं द्रव. ते मिळायचं औषधाच्या दुकानात! वाटेत वीस्लोख गावच्या दुकानातून तिने ते विकत घेतलं. म्हणूनच त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणतात.

बिघाड पहिला : इंधन अडलं

या गाडीचा कार्ब्युरेटर अगदी साधा होता. हवा इंधनावरून जायची, सोबत वाफ घ्यायची आणि ते मिश्रण इंजिनात जायचं. वाटेत इंधनाची नळी चोंदली. बर्थाने टोपीची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली.

बिघाड दुसरा : स्पार्क गळाला

स्पार्क बॅटरी आणि कॉइलमधून यायचा. त्याच्या वायरचं वरचं आवरण घासून गेलं. उघडी वायर धातूला टेकली की करंट तिकडेच जातो आणि प्लग गार पडतो. बर्थाने मोज्याचा इलॅस्टिकचा पट्टा काढून वायरला गुंडाळला. झालं इन्सुलेशन!

चढावर इंजिन दमलं, तेव्हा मुलांनी गाडी ढकलली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. संध्याकाळी पोहोचल्यावर तिने कार्लला तार पाठवली. पुढे तिच्या सांगण्यावरून चढासाठी गाडीत आणखी एक गिअर आला.

आज याचा उपयोग काय?

जुनी कार किंवा स्कूटर बिघडली तर क्रम तोच ठेवा : आधी इंधन, मग स्पार्क, शेवटी टायमिंग.

• अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन बंद पडतं : बहुतेक वेळा जेटमध्ये कचरा असतो.
• चढावर टकटक आवाज येतो : स्पार्क वेळेआधी पडत असू शकतो.
• गाडी ओढत नाही आणि तापते : स्पार्क उशिरा पडत असू शकतो.
• कार्ब्युरेटरमधून फट् आवाज येतो : मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा टायमिंग चुकलंय.

एक मात्र लक्षात ठेवा. बर्थाची पिन जेटमध्ये घालू नका. त्याचं छिद्र मापाचं असतं, ते मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल पिते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा दाब वापरा. आणि जवळ आग नको.

पुढे काय झालं?

या प्रवासाची बरीच चर्चा झाली आणि गाडी रस्त्यावर टिकते हे लोकांनी पाहिलं. १८९९ मध्ये बेंझच्या कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी कार कंपनी होती. कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था ५ मे १९४४ ला लाडेनबुर्गमध्ये वारली, ९५ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. तिच्या वाटेला २००८ पासून तिचंच नाव आहे.

पेटंटवर नाव कार्लचं. पण ती गाडी घराबाहेर काढून, बिघडली तिथे दुरुस्त करून, चालते हे जगाला दाखवलं बर्थाने. पुढच्या वेळी गाडी बंद पडली, तर लगेच फोन काढू नका. आधी पेट्रोल बघा, मग प्लग!

माहिती आवडली तर गाडीवेड्या मित्रांना नक्की पाठवा.