पालवणकर बाळू : चेंडू चालला, पेला नाही चालला!

धान कापून झाले की आमच्या कोहमाऱ्याच्या मोकळ्या बांध्यांत पोरांचे क्रिकेट सुरू होते. जयंतीच्या महिन्यात टेनिस बॉलचे सामने ठरतात. यंदा चषकाला कोणाचे नाव द्यावे, हे विचारायला चार-पाच पोरे आमच्याकडे आली. आम्ही पालवणकर बाळू हे नाव सुचविले. बहुतेकांनी ते ऐकलेच नव्हते. एकाने मात्र ऐकले होते, आणि तो तडकला. जो माणूस बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला, त्याचे नाव जयंतीच्या चषकाला कशाला, असा त्याचा सवाल होता. सवाल रास्त आहे. पण खटला पूर्ण ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे आम्ही वकिलीत शिकलो. म्हणून हा खटला आज वाचकांपुढे मांडतो.

बाळूंचे घराणे चर्मकार समाजाचे. मूळ गाव कोकणातले पालवण, म्हणून पालवणकर. जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे पोरे पुण्यात वाढली. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चारही भाऊ पुढे नामांकित खेळाडू झाले. पण बाळूंचा मैदानात प्रवेश खेळाडू म्हणून झाला नाही. पारशांच्या एका क्लबात मैदान झाडायचे आणि रोलर ओढायचा, या कामावर ते लागले. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळू लागले. साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. डाव्या हाताने फिरकी टाकणाऱ्या या पोराने कॅप्टन ग्रेगसारख्या नामी फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकले. साहेबाचा खेळ त्यावर सुधारला आणि बाळूंची बोटेही तयार झाली. पण त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी कोणी दिली नाही. चेंडू टाकणे ही मेहनत, ती नोकराने करावी. बॅट मात्र साहेबाची!

पुढे पुण्यातल्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते. हा पोरगा संघात हवा होता, पण तो अस्पृश्य. वाद झाला. अखेर जिंकण्याची गरज सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळूंना घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. मात्र चहाची वेळ झाली की संघ आत पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात. तोंड धुवायला पाणी घालणारा त्यांच्याच समाजाचा नोकर. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. सामना ज्याच्या जिवावर जिंकायचा, त्याचा पेला चालत नव्हता! हाताला विटाळ होता, तर तो चेंडूला का लागला नाही? या सवालाचे उत्तर कोणत्याही शास्त्रात नाही. उत्तर एवढेच की विटाळ सोयीने लागतो आणि सोयीने फिटतो.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईला गेले. काही काळ लष्करात आणि पुढे रेल्वेत नोकरी केली, खेळ हिंदू जिमखान्याकडून. मुंबईत सोवळे थोडे सैल होते. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. बाळू त्या विजयाचे मोठे वाटेकरी होते आणि भाऊ शिवरामही संघात होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. महाराज थोडे खेळले आणि मेजवान्यांत जास्त रमले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० संघाने गमावले. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. मुंबईला परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या सत्कारात पुढाकार घेणाऱ्यांत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा एक तरुण होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर! ज्या काळात समाजाकडे बोट दाखवावे असा माणूस शोधावा लागे, त्या काळात बाळू हा त्या तरुणाचाही अभिमान होता.

आता कर्णधारपदाचे पाहू. हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी कोणी नव्हता. तरी वर्षामागून वर्षे गेली, कर्णधारपद उच्चवर्णीयांकडेच राहिले. एम. डी. पै यांना ते मिळाले, तेव्हा खुद्द पैंनीच जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंचा होता. हा प्रामाणिकपणा आम्ही नोंदवतो. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले आणि आजारी पैंच्या जागी डी. बी. देवधरांना कर्णधार केले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला आणि कारण जाहीर केले. लोकांत चर्चा झाली. पुढच्या सामन्यासाठी भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार केले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. तीन दशकांच्या घामाची किंमत काही वेळाचे कर्णधारपद! १९२३ साली धाकटे विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली. भावांनी बहिष्कार घातला नसता, तर हे घडले असते का?

आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेपुढे जात आड येत नाही, असे सांगणाऱ्यांनी हे चरित्र वाचावे. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, ही गुणवत्ता नव्हे काय? अस्पृश्याला कर्णधार करू नये असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. लिहिलेला नव्हता, म्हणूनच त्याविरुद्ध दादही मागता येत नव्हती. मेहरबानीने मिळालेले मेहरबानीनेच काढून घेता येते. हक्क मात्र लिहून घ्यावा लागतो. १९२७ साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची भीक मागितली नाही, हक्क बजावला.

इथेच दोघांच्या वाटा फुटल्या. बाळूंना हिंदू समाज सुधारेल ही आशा होती. १९३२ साली त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला विरोध केला, पुणे करारावर सही केली. धर्मांतराच्या घोषणेलाही ते विरोधात गेले. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. बाळू चुकले, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण दोन अस्पृश्य एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा फायदा कोणाचा होता? महार-चांभार ही भिंत कोणाला हवी होती? आज आपण बाळूंचे नाव पुसले, तर ती भिंत आपल्याच हाताने उंच करू.

१ जून १९५५ रोजी अस्पृश्यता गुन्हे कायदा लागू झाला. अस्पृश्यतेच्या कारणाने हॉटेलातली भांडी वापरू न देणे त्या दिवसापासून शिक्षेस पात्र गुन्हा ठरले. बाळू त्याच वर्षी ४ जुलैला मुंबईत वारले. मातीच्या भांड्यात चहा पिणाऱ्या माणसाने ज्या संविधानाखाली हा दिवस पाहिला, त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष ते होते, ज्यांच्या विरोधात तो लढला होता!

म्हणून पोरांनो, चषकाला पालवणकर बाळूंचे नाव द्या. खाली ११४ बळी लिहा. बक्षीस वाटताना १९३७ लपवू नका, तेही माईकवरून सांगा. आणि सामन्याला चांभारपुऱ्यातला संघ बोलवायला विसरू नका.

जयभीम!